दोन वाक्यांमधली फ्रेम

माझ्या धाकट्या काकूशी भांडायला गेलेला माणूस दमून परत येतो. ती आवाज चढवत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही, दार आपटत नाही. समोरचा बोलत असतो, काकू त्याच्याकडे नीट लक्ष देऊन बघत असते, आणि त्याचं संपलं की विचारते, "चहा टाकू?" शेजारच्या बाई एकदा गळक्या पाइपवरून अर्धा तास तोफा डागून गेल्या आणि जाताना वाटीभर साखर उसनी घेऊन गेल्या. पाइप अजून गळतो.

"तुला राग येत नाही का गं?" मी तिला विचारलं होतं.

"येतो की. पण तो येईपर्यंत त्यांचं पुढचं वाक्य आलेलं असतं. मग मागचं धरून कुठे बसायचं."

हे शहाणपण तिला तिच्या कामाने दिलं. काकू मोबाइलची ॲप लिहिते. त्यातही तिचा हिस्सा अगदी चिमूटभर. आपण फोनचा कॅमेरा उघडला की फोटो काढायच्या आधी पडद्यावर हलतं चित्र दिसतं ना, ते चित्र ॲपने कसं बघायचं, त्यातून काय ओळखायचं, एवढंच ती लिहिते. जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा हे तिचं ऑफिस. तिथे लॅपटॉप, शिवणाच्या डब्याला टेकवून उभे केलेले तीन जुने फोन, आणि टोपीच्या दुकानातून आणलेलं पुठ्ठ्याचं एक डोकं. ॲपला चेहरा ओळखता येतो की नाही हे बघायला ते लागतं. दिवसभर टेबलावर आडवं पडून असतं आणि कशाला हात लावत नाही, म्हणून काकांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलंय.

काकांना हे काम समजावताना मी ऐकलंय तिला.

"कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं देतो. एकेकाला फ्रेम म्हणायचं. आता एक फ्रेम नीट बघायला मला समजा चार फ्रेमांइतका वेळ लागतो."

"मग बाकीच्या रांगेत उभ्या करायच्या."

"तिथेच सगळे फसतात. रांग वाढत जाते आणि तुम्ही मघाचंच बघत बसता. समोरचा माणूस उठून गेला तरी तुमच्या लेखी तो बसलेलाच."

"आमच्या ऑफिससारखं."

"म्हणून रांग लावायचीच नाही. हातात आहे ती बघायची, बघून झाली की कॅमेऱ्याला परत द्यायची, मधल्या सगळ्या सोडून द्यायच्या, आणि आत्ता या घडीला जी समोर आहे ती उचलायची."

"आणि सोडलेल्यांत काही महत्त्वाचं असलं तर?"

"असेना. पुढच्यात येईलच ते."

काका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "लग्नानंतर तू माझ्या किती फ्रेम सोडल्यास?"

"चहा टाकू?" काकू म्हणाली.

आता आत्या. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, काकूची नणंद. आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. काकूने रांग लावली नाही, तर आत्याने आयुष्यात एकही माणूस रांगेतून जाऊ दिला नाही. कोणत्या बारशाला कोण उशिरा आलं, कुणी तिला ताट द्यायच्या आधी स्वतःचं वाढून घेतलं, सगळं तारीखवार. तिचा आवाज मात्र ऐकत राहावा असा. जन्मभर तिने बसस्थानकावर घोषणा केल्या. काचेच्या खोलीत बसायचं, समोरच्या फलकावर नजर ठेवायची, खणखणीत आवाजात गाडी कुठली, कुठे लागली, ते सांगायचं, आणि बटण बंद केलं की डोळे मिटायचे. डोक्यावर उघडा दिवा होता, तो डोळ्यांत जायचा. बोलायचं तेव्हा डोळे उघडे, गप्प बसायचं तेव्हा मिटलेले. निवृत्त झाली तरी शरीराला कुणी कळवलं नाही. अजूनही आत्या बोलायची थांबली की तिच्या पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली येतात.

इतकी वर्षं यात कुणाचं काही अडलं नव्हतं. मग तिच्या लेकीचा परदेशातून फोन आला. दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण, तिकडे दोघंच नवराबायको. "आई, तू ये," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आत्या फोन ठेवून सरळ बॅग काढायला गेली.

व्हिसाच्या अर्जाला फोटो लागत होता. साधी पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड बंद.

फोटो स्टुडिओवाल्याने पहिला फोटो काढला. डोळे मिटलेले. दुसरा, मिटलेले. तो म्हणाला, "आजी, डोळे उघडा." आत्या म्हणाली, "आजी कुणाला म्हणतोस?" आणि तो फोटो डोळे टक्क उघडे आणि तोंडही उघडं असा आला. त्याने तोच लावला. अर्ज परत आला: तोंड उघडे. मग त्याने मिटलेल्या डोळ्यांचा फोटो घेऊन त्यावर कॉम्प्युटरने डोळे बसवले. ते कुणाचे होते देव जाणे, पण आत्या त्यात नुकतंच भूत बघितल्यासारखी दिसत होती. तोही परत आला: फोटोत फेरफार. खाली एक ओळ होती. शुक्रवारपर्यंत योग्य फोटो आला नाही तर अर्ज रद्द. नव्या अर्जाची तारीख मिळत होती ती बाळ झाल्यानंतर महिन्याभराची.

आत्या ते उत्तर आलेला फोन हातात घेऊन वर आली आणि काकूच्या टेबलापाशी बसली. जावईबापूंना बाजूला सरकवून म्हणाली, "काय गं धाकटे, तुझं ते ॲप चेहरे बघतं म्हणतात. माझा बघतं का?"

योग असा की काकू तेव्हा नेमकं हेच करत होती. ओळखपत्राच्या फोटोचं ॲप. तुम्ही फोनसमोर नुसतं बसायचं, ॲप येणारी प्रत्येक फ्रेम तपासतं, डोळे उघडे आणि तोंड बंद दिसलं की आपणच फोटो घेतं.

"बघेल, वन्सं. बसा."

मी आत्याच्या मागे पांढरी चादर धरून उभी राहिले. काका प्रेक्षक. काकूने तडकलेल्या काचेचा फोन आत्यासमोर धरला. पडद्यावर आत्या दिसली, आणि खाली अक्षरं आली: चेहरा सापडला नाही.

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

"थांबा हं."

"अगं, एवढा मोठा चेहरा आहे. शेजारची माणसं लांबून ओळखतात."

काकूने फोन हलवला, दिवा लावला. चेहरा सापडला नाही. आत्या वैतागून सोफ्यावर आडवी झाली. "दमले मी. सापडला की सांग." काकूने उगाचच फोन तिच्याकडे वळवला. टुण्‌ आवाज झाला. चेहरा सापडला.

"झोपलेलीच बाई दिसते का याला?" आत्या तशीच पडून म्हणाली. "कुठल्या पुरुषाने बनवलंय हे?"

"मी बनवलंय, वन्सं."

"मग तुझ्या नवऱ्याने शिकवलं असणार."

काकू हसत होती. या जुन्या फोनमध्ये कॅमेरा आडवा बसवलेला असतो, तो चित्र आडवंच देतो. आपल्याला दाखवताना फोन ते सरळ करतो, पण ॲपला मात्र कच्चं, आडवंच मिळतं. ते फिरवून घ्यायचं राहिलं होतं. जावईबापूंच्या बाबतीत हे कधी कळलंच नाही, कारण ते टेबलावर कायम आडवेच पडलेले असायचे.

ते दुरुस्त झालं. आता आत्याच्या चेहऱ्याभोवती एक हिरवं कडं दिसायला लागलं. पण आत्या डावीकडे वळली की कडं उजवीकडेच राही आणि मग सावकाश तिच्या मागे येई.

"हे बघ, तुझा नवरा," आत्या भावाकडे बोट न करता म्हणाली. "मी बाजारात पुढे गेले की असाच मागून येतो, पिशवी विसरून."

काकूने तोंड वाकडं केलं. हे तिचं स्वतःचं नव्हतं, ऑफिसातल्या कुणीतरी मध्ये हात घातला होता आणि रांग लावून ठेवली होती. ती रांग तिने मोडली. कडं आत्याला चिकटलं. दोन मिनिटं चिकटलं आणि मग थिजलं. आत्या उठून पाणी पिऊन आली, कडं रिकाम्या खुर्चीभोवती तसंच.

"आता काय झालं?"

"एक फ्रेम परत द्यायची राहतेय कुठेतरी. कॅमेऱ्याकडे मोजक्याच असतात, वन्सं. आपण धरून ठेवल्या की तो पुढची देत नाही, वाट बघत बसतो."

"बरोबर आहे त्याचं. घेतलेलं भांडं परत करावं माणसाने. शेजारणीकडे तुझी वाटी अजून आहे."

काकूने तेही शोधून काढलं. शेवटी बुधवारी संध्याकाळी ॲप नीट बघायला लागलं, आणि मग खरी पंचाईत समोर आली. ॲपला आत्याचे उघडे डोळे दिसत. तोंड बंद दिसे. पण दोन्ही एकाच फ्रेममध्ये कधीच नाही. आत्या बोलत असली की डोळे उघडे आणि तोंड चालू. "वन्सं, आता गप्प बसा," म्हटलं की तोंड बंद आणि शटर खाली. मधे काही नाहीच.

"ताई, मामा म्हण," काका म्हणाले. "ओठ मिटतात."

"मामा. मामा. काय रे, माझं वय काय." पण म्हणाली. ॲपने टुण्‌ टुण्‌ करत चारपाच फ्रेम पकडल्या. सगळ्यांत आत्याचे ओठ आत ओढलेले, गाल फुगलेले, मान हलल्यामुळे नाक पुसट. एकीत ती शिट्टी मारायच्या बेतात होती.

"पापण्यांना चिकटपट्टी लावू," काका म्हणाले.

"तुझ्या तोंडाला लाव आधी."

गुरुवारी आत्या दोनदा वर आली. बसली, बोलली, मिटली, गेली. दुसऱ्यांदा जाताना जिन्यात थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला म्हणावं, नाही जमलं तर राहू दे. लेकीला मी सांगेन काहीतरी." खणखणीत आवाजाची बाई, पण हे मला जेमतेम ऐकू आलं.

मी वर येऊन ते सांगितलं तेव्हा काकू पकडलेल्या फ्रेम एकेक करून बघत होती. आत्या बोलताना, आत्या बोलताना, आत्या बोलताना, आत्या मिटलेली.

"माणूस ऐकतो तेव्हा कसा दिसतो?" तिने एकदम विचारलं.

"डोळे उघडे, तोंड बंद," मी म्हणाले.

"मग वन्संची तशी एकही फ्रेम नाही. असं कसं?"

काका पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "ती ऐकणार कुणाचं? स्टँडवर घोषणा करणाऱ्या बाईला कुणी उलट बोलतं का? आणि घरात तू. तू तर उत्तरच देत नाहीस. मग ती थांबेल कशाला?"

काकूने लॅपटॉप मिटला. त्या दिवशी तिने कुणाला चहा विचारला नाही.

शुक्रवारी सकाळी आत्या आली ती नटून. चादर धरून माझे हात भरून आले होते, म्हणून ती दाराला अडकवली. काकूने फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, स्वतः त्याच्या अगदी मागे बसली, आत्याच्या समोर. काही सांगितलं नाही, गप्प बसा म्हणाली नाही. आत्याला आणखी काय हवं. तिने सुरुवात केली. खुर्ची टोचते इथून निघाली ती या घरात कुणाला माणसांची कदर नाही इथे आली, तिथून लेकीच्या लग्नात शिरली.

"सगळं घर धावत होतं. व्याही आले, त्यांची माणसं आली. आणि तू? तू कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेली. व्याह्यांनी मला विचारलं, या कोण? काय सांगू मी, माझी भावजय? पाहुण्यासारखी बसलेली? मान खाली गेली माझी. तेव्हापासून मी..."

"हो, बसले होते," काकू म्हणाली.

आत्या पुढचं वाक्य घेऊन निघालीच होती, ती अडखळली. "...तेव्हापासून मी..."

"बसले होते, कारण तुम्ही मला एकही काम दिलं नव्हतं, वन्सं. सगळ्यांना वाटून दिलीत. फुलं कुणी, पाहुणे कुणी, गाड्या कुणी. मी तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही म्हणालात, तू राहू दे, तुला नाही जमायचं. हॉलच्या दारात म्हणालात. चार बायकांसमोर. मी नवी साडी नेसून दिवसभर रिकामी कुठे उभी राहणार होते? म्हणून लॅपटॉप उघडला. निदान त्याला तरी माझी गरज होती."

काका पेपरची घडी करायचे थांबले. मी काकूचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो. पण त्यात पुढे चहा नव्हता.

आत्या तिच्याकडे बघत होती. डोळे उघडे. तोंड बंद.

टुण्‌.

काकूनेही फोनकडे बघितलं नाही. टुण्‌. टुण्‌.

"मी असं म्हणाले?" आत्या शेवटी म्हणाली.

"म्हणालात."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"सोडून दिलं."

"कुठे सोडलंस," आत्या म्हणाली. "अक्षरन्‌अक्षर सांगितलंस की आत्ता. फुलं, गाड्या, चार बायका. माझ्यापेक्षा पक्कं."

आता तीच डोळे उघडे ठेवून गप्प होती. फोन तिच्याकडे वळवलेला असता तर तिचाही व्हिसा झाला असता.

"मला वाटलं," आत्या म्हणाली आणि थांबली, आणि या वेळी पापण्या अर्ध्यापर्यंत येऊन पुन्हा वर गेल्या. "तू शिकलेली, ऑफिसवाली. तुला फुलं मोजायला लावली तर म्हणशील, ही काय मला राबवते. तुझ्याकडे बघून कळतं का काही? बोलतेस कधी?"

"काम सांगून तरी बघायचं होतंत."

"आता सांगते ना. तो फोटो दाखव आधी."

काकूने फोन उचलला. सात फ्रेम होत्या. पहिल्या काहींमध्ये आत्या जरा हबकलेली, चौथीत अगदी सरळ. पांढऱ्या चादरीसमोर एक म्हातारी बाई, नजर समोर, ओठ मिटलेले, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतेय अशी.

आत्याने चष्मा वर केला, खाली केला. "ही मी? इतकी समजूतदार?"

"सेकंदाच्या तिसाव्या भागापुरती," काका म्हणाले.

"तुला कुणी विचारलं?"

काकूने फोटो अर्जाला लावला. मग आम्ही चौघं टेबलाभोवती बसून त्या पडद्याकडे बघत बसलो, जणू तिकडून कुणी हाक मारणार होतं. आत्या गप्प होती आणि डोळे मिटलेले होते, पण बोटं टेबलावर वाजत होती. मधेच ती म्हणाली, "परत आला तर?"

"तर मी आणखी एक सांगेन," काकू म्हणाली. "तुमच्या साठीच्या समारंभाचं आहे एक."

"तेही धरून ठेवलंयस?"

"थोडं."

"बरीच आतल्या गाठीची निघालीस गं."

दुपारी उत्तर आलं. फोटो मान्य. आत्याने ते काकूकडून वाचून घेतलं, मग काकांकडून, मग माझ्याकडून, कारण तिचा काकांवर भरवसा नाही. नंतर लेकीला फोन लावला आणि आपल्या जुन्या आवाजात, शब्द सुटे सुटे करून सांगितलं की ती येते आहे. पलीकडे लेक हसली की रडली ते आम्हाला कळलं नाही. आत्याला कळलं असणार, कारण ती कितीतरी वेळ नुसतं ऐकत होती.

व्हिसा हातात आला त्या दिवशी आत्याने खालून हाक मारली. "धाकटे, बॅग तू भरायचीस. विमानवाल्यांचं ते वजनाचं काय असतं ते मला कळत नाही. तुला जमेल."

काकू ऑफिसची मीटिंग सोडून गेली. मी मागून गेले तेव्हा पलंगावर कपड्यांचा डोंगर होता आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना.

"ही चार स्वेटरं कुणाची?"

"बाळाची."

"बाळ किती जणांचं आहे?"

"थंडी असते तिकडे."

"तिकडे दुकानंही असतात. दोन ठेवा."

"तीन."

"दोन. आणि हे पितळेचं काय आहे?"

"राहू दे ते, आईचं आहे."

"मग आधी सांगायचं ना. हे मधे ठेवते, स्वेटरात गुंडाळून. तीन ठेवा मग."

काका दारापर्यंत आले, ऐकलं, आणि चप्पल घालून फिरायला निघाले. "कटकट वाढली घरात," मला म्हणाले. बरेच खूश दिसत होते. आतून आत्याचा आवाज आला, "अगं, तसं नाही, बाहीतून दुमड," आणि त्यावर काकूचा, तितकाच मोठा, "वन्सं, बॅग कोण भरतंय?"